आमचं घर नापास झालं

घर घेणं फायद्याचं की तोट्याचं, हे मला विचारू नका. विचारायचंच असेल तर असं विचारा, की बाई, स्वतःच्या मालकीचं घर असताना तुम्ही लोकांच्या घरात का राहत होतात? मग सांगते. बसा जरा, कारण सांगायला वेळ लागतो आणि मधेमधे मला राग येतो.

आमचे हे एसटीत हिशेबाच्या टेबलावर होते. बदलीची नोकरी. निलंगा झालं, उदगीर झालं, देगलूर झालं, शेवटी नांदेडला येऊन टेकलो. सगळीकडे किरायाचं घर. निलंग्याची मालकीणबाई अंधार पडला की पाण्याचा कॉक बंद करायची. उदगीरचा मालक रोज सकाळी अंगणात उभा राहून आपल्या भिंतींकडे बघायचा, आम्ही त्या खाऊन टाकतो की काय अशा नजरेनं. देगलूरला मालकाची म्हैस आमच्या न्हाणीला लागून बांधलेली. ती म्हैस आटली तर दोष आमच्या पायगुणाला. मी सगळं सोसलं. ह्यांना एवढंच म्हणायची, "रिटायर झाल्यावर आपलं घर. मग मी कुणाच्या बापाचं ऐकणार न्हाई."

"हाव हाव," म्हणायचे हे, आणि पेपर उलटायचे.

रिटायर झाले. पैसा हातात आला तसे सल्ले देणारेही दारात आले. कुणी म्हणालं सोनं घ्या, कुणी म्हणालं फंडात टाका. माझा भाऊ मात्र मांडी घालून बसला आणि म्हणाला, "दाजी, जागेसारखी बरकत कशातच न्हाई. जागा खात न्हाई, पीत न्हाई, पळून जात न्हाई." हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्याला दुसऱ्यांदा चहा टाकला. माझ्या मनात घर नांदेडलाच, फक्त गोदावरीच्या अलीकडे की पलीकडे एवढाच प्रश्न होता.

एका दुपारी हे पेढे घेऊन आले. म्हणाले, इसार दिला, फ्लॅट झाला.

"कुठं?"

"लातूरला."

"लातूरला? आपलं कोण हाय लातूरला?"

"किरायदार हायत," हे म्हणाले.

आता हे लातूरचं प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्या भागात लेकरू दहावीला बरे मार्क घेऊन बसलं की त्याला डॉक्टर करायला लातूरला नेतात. लेकरू एकटं जात नाही. आई बरोबर जाते, गॅस जातो, कुकर जातो, देव्हारा जातो. बाप गावाकडे डबा लावून खातो. दोन वर्षं लेकराचा क्लास आणि आईचा वनवास. त्यामुळे लातूरला चार भिंती उभ्या करायचा अवकाश, पाचवी भिंत उभी राहायच्या आत किरायदार येतो. आमच्या भावानं हेच ह्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मी त्याला दिलेला दुसरा चहा मला आजही डाचतो.

वास्तुशांत केली. पूजेला स्वामींना बोलावलं, पाहुणे जमले, दूध उतू घालवलं. मी नवं पातळ नेसून ओट्यापुढे उभी. ओटा काळ्या दगडाचा, त्यात तोंड दिसावं असा. म्हटलं पहिला चहा आपल्या हातचा करू. तर हे धावत आले. "आगं, काय करून राहिलीस? डाग पडतील. किरायदार यायचाय." चहा खालच्या टपरीवरून आला, कागदी कपात. जेवणं गच्चीवर झाली, फरशी खराब होऊ नये म्हणून. संध्याकाळी पाच वाजता घराला कुलूप लावून आम्ही दोघं नांदेडच्या गाडीत बसलो. घरभरणी करून घर रिकामं करून निघालेलं जोडपं तुम्ही कधी बघितलं आहे का? मी खिडकीशी बसून रडले. ह्यांना वाटलं आनंदानं रडते आहे.

नांदेडचा आमचा मालक पुण्याला मुलाकडे होता. तोही किरायाच्या घरात, कारण मुलानं घेतलेलं घर कुणाला तरी किरायानं दिलेलं! तिकडून तो फोनवर आमच्यावर राज्य करायचा. उंटावरून शेळ्या हाकाव्या तसं. "भिंतीला खिळा ठोकला का हो? मला आवाज आल्यासारखा वाटला." पुण्यात बसून ऐकू येतंय मेल्याला. आणि आमचा स्वतःचा मुलगा? तो हैदराबादला किरायानं राहतो आणि त्यानं नांदेडच्या बाहेर एक प्लॉट घेऊन ठेवला आहे. चार कोपऱ्यांना चार पांढरे दगड. दिवाळीत आला की आम्ही सगळे गाडी करून ते दगड बघायला जातो. सूनबाई दगडांसोबत फोटो काढते. परत येताना वडापाव खातो.

म्हणजे बघा, सगळ्यांकडे घर आहे आणि घरात कुणीच नाही. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. मी ह्यांच्याशी भांडायची. म्हणायची, "अहो, घर राहायला असतं का कुलपाला?"

"ती इन्व्हेस्टमेंट हाय. त्यात राहायचं नसतं. सोनं काय रोज अंगावर घालतीस का?"

"रोज न्हाई घालत. पण लग्नाकार्यात तर घालते! ह्या घरात मला एकदा कपभर चहा करू दिला न्हाई तुम्ही."

हे चष्मा पुसायला लागले. अडचणीत आले की हे चष्माच पुसतात. त्या काळात ह्यांचा चष्मा फार स्वच्छ असायचा.

पहिली किरायदार एक मुलगी आणि तिची आई. मुलगी शांत, खाली मान घालून जायची-यायची. दोन वर्षांनी ती मेडिकलला लागली, सरकारी कॉलेजात. आईनं नांदेडला येऊन पेढे दिले, आम्ही तिची ओटी भरली. इथपर्यंत सगळं माणसासारखं होतं. मग त्याच घरात एक मुलगा आला, तोही लागला. आणि मग लातूरच्या घरांच्या एजंटाला साक्षात्कार झाला. हा एजंट म्हणजे पांढरा शर्ट, दोन मोबाईल आणि तोंडात सारखी बडीशेप. त्यानं फोन करून सांगितलं, "काका, तुमचं घर लकी हाय. हे घर पोरं पास करून राहिलं."

मी हसले. हे हसले नाहीत.

पुढं काय झालं ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई वाढवून सांगते. निलंग्याहून, रेणापूरहून, कुठनं कुठनं आईबाप ते घर बघायला येऊ लागले. घर कुणी बघतच नव्हतं हो! नळाला पाणी किती दिवसांनी येतं, कुणी विचारलं नाही. "पोरगी अभ्यासाला बसायची कुठं?" एवढंच. आतल्या खोलीत खिडकीखाली भिंतीवर गोंदाचे चार डाग होते. त्या पोरीनं तिथं काहीतरी तक्ता चिकटवला होता. त्या डागांपुढे लोक हात जोडायचे. एका बाईनं तर तिथं हळदीकुंकू लावलं. एका बापानं टेप आणून टेबल भिंतीपासून किती लांब होतं ते मोजायला सुरुवात केली, आणि आमचे हे, ज्यांनी ते टेबल जन्मात पाहिलं नव्हतं, बोट दाखवून सांगत होते, "जरासं इकडं. हां. बस्स."

त्या वर्षी घराला रंग द्यायचा होता. एजंट म्हणाला, "काका, रंगाखाली गुण जाईल." रंग राहिला. स्वयंपाकघरातला पंखा करकर वाजायचा, तो बदलायचा होता. "काका, त्याच आवाजात दोघं लागली की." पंखा राहिला.

किराया वाढला, घराचा भाव वाढला, आणि ह्यांचा भाव तर विचारूच नका. आता हे किरायदार निवडायला लागले. दहावीची मार्कशीट घेऊन या म्हणायचे. आमच्या नांदेडच्या बैठकीत परीक्षा चालायची. समोर लेकरू, बाजूला घाम पुसणारा बाप, आणि आमचे हे पाय हलवत विचारायचे, "सांग बरं, माणसाला किडन्या किती असतात?" लेकरू म्हणायचं, दोन. हे वर छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "हं. कुठं असतात?" एका पोरानं उलट विचारलं, "काका, नेफ्रॉन म्हणजे काय, सांगा बरं?" त्याला घर मिळालं नाही. ह्यांचं म्हणणं, पोरगं उद्धट आहे, घराचा रिझल्ट पाडेल. घराचा रिझल्ट! कपाळाला हात लावला मी. उभा जन्म तिकिटांच्या बेरजा करणारा माणूस, बघता बघता प्राचार्य झाला.

तर अशा परीक्षेतून पास होऊन तिसऱ्यांदा आली ती जळकोटची मुलगी. दहावीला तालुक्यात नाव काढलेली. सडपातळ, कानात बारीक रिंगा, बोलताना ओढणीचं टोक पिळायची. ह्यांनी किडनी विचारली तेव्हा तिनं इतकं सविस्तर सांगितलं की ह्यांनी स्वतःच्या कमरेला हात लावून बघितला. बापाचं जळकोटला छोटं कापडाचं दुकान. लातूरचा आमचा वाढीव किराया भरायचा म्हणून त्यांनी जळकोटचं राहतं घर किरायानं दिलं होतं, बाप दुकानात मागच्या बाजूला झोपायचा. आई मला पहिल्याच भेटीत अक्का म्हणाली. म्हणाली, "अक्का, तुमच्या घरानं दोघांचं भलं केलंय, माझ्या लेकीचं बी करंल." मला कसंनुसं झालं. मी म्हणाले, "आवो, घर काय करतंय? पोरगीच करंल." तर हे माझ्यावर डोळे वटारून बसले.

मी अधूनमधून लातूरला जायची. ह्यांना सांगायची घर बघून येते. खरं म्हणजे मला त्या घरात बसायचं असायचं. स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून! त्या मायलेकी मला चहा द्यायच्या, माझ्याच ओट्यावर केलेला. पोरगी पुस्तकातनं डोकं काढून म्हणायची, "काकू, बसा ना." मी कडेला बसून भिंती बघायची. इथं देव्हारा, इथं माझं कपाट, बाल्कनीत तुळस. मग पोरीकडं बघायची. ती सदा त्या डागांखालीच बसलेली. आईनं तिला तिथनं उठूच दिलं नाही दोन वर्षं. अंगावर ऊन यायचं तरी तिथंच. एकदा म्हणाली, "काकू, मला त्या खोलीत झोप येत नाही. भिंत बघत राहते माझ्याकडे." मी हसण्यावारी नेलं.

तेवढ्यात नांदेडचा मालक पुण्याहून बोलला. घर विकायचंय, श्रावणाच्या आत खाली करा. झालं! दुष्काळात तेरावा महिना. गुडघे दुखायला लागलेले, आणि पुन्हा खोकी बांधा, पुन्हा नवा मालक, नव्या अटी. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं. "जळकोटच्या पोरीची परीक्षा झाली की आपण लातूरला राहायला जायचं. आपल्या घरात. आता मी ऐकणार न्हाई."

"येडी का खुळी तू? लकी घरात कुणी राहतं का? आता तिसरी लागली की भाव कुठं जाईल ठावं हाय का? आपण इथंच वन-आरके बघू."

वन-आरके म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाला भिंतीतला कोपरा. फ्लॅटच्या मालकिणीनं म्हातारपणी एका खोलीत राहायचं, कारण फ्लॅट हुशार आहे! मी त्या दिवशी जेवले नाही. ह्यांनी दोन्ही ताटांचं जेवण केलं आणि चष्मा पुसला.

मग रिझल्ट लागला. जळकोटच्या पोरीला सीट मिळण्याएवढे मार्क नव्हते. थोडेथोडके कमी नव्हते, चांगलेच कमी होते.

आमच्या घरात मयत झाल्यासारखं झालं. खोटं नाही सांगत, लोक भेटायला आले. शेजारच्या काका-काकू येऊन खाली मान घालून बसले. "ऐकलं घराचं. लई वाईट झालं." माझ्या भावाचा फोन आला, "दाजी, धीर सोडू नका." त्या पोरीचं कसं आहे, ती काही खाते-पिते का, हे एकानं विचारलं नाही. एजंट म्हणाला, "काका, मार्केटमधी बातमी गेली. लोक म्हणून राहिले, घराचा गुण संपला. तिसऱ्याला घर नापास झालं." ह्यांनी दोन दिवस दाढी केली नाही.

पण हे हिशेबातले. ह्यांनी तोड काढली. घर नापास झालं असं म्हटलं की भाव पडतो. मग घर नापास नाहीच. नापास पोरगी. एजंटानं ती बातमी पेरायला सुरुवात केली. घर अव्वलच आहे, पोरीचं लक्ष नव्हतं. मोबाईल बघायची. रात्रंदिवस मोबाईल. आणि हे फोनवर कुणाकुणाला सांगायचे, "घरानं आपलं काम केलं हो, घर काय पेपर लिहायला जातंय का?" हेच मी दोन वर्षांपूर्वी बोलले होते तेव्हा डोळे वटारले होते! मी म्हणाले, "लाज वाटू द्या. लेकरू हाय ते." तर म्हणाले, "लेकराचं काय, चार दिवसांत लोक विसरतात. घराचा भाव एकदा पडला की पडला."

मायलेकी घर सोडणार होत्या त्या दिवशी आम्ही चावी घ्यायला लातूरला गेलो. हे चावीसाठी आणि मी भांडणासाठी. मी मनाशी ठरवून गेले होते, की आज त्या घरात बसायचं आणि उठायचंच नाही, हे आले तर आले, नाही तर जाऊ दे. बॅगेत माझं एक पातळ आणि बी.पी.च्या गोळ्या घेतल्या होत्या.

वर गेलो तर दार उघडं. आत एजंट आधीच हजर, आणि बरोबर निलंग्याकडचे एक ऊसवाले गृहस्थ. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, नातीसाठी घर बघायला आलेले. सामानाची खोकी हॉलमध्ये रचलेली. पोरीची आई भिंतीला टेकून बसलेली, तोंड फिरवून. नंतर कळलं, रिझल्ट लागल्यापासून ती लेकीशी एक शब्द बोलली नव्हती. "दोघांना लागू झालेलं घर हिला का लागू झालं न्हाई," एवढंच एकदा म्हणाली होती. पोरगी एका खोक्यावर दोरी बांधत होती. दोरी बांधून झाली होती, तरी बांधतच होती.

ऊसवाल्यांनी विचारलं, "शेवटची पोरगी लागली न्हाई म्हणत्यात. खरं हाय का?"

एजंट बडीशेप चघळत म्हणाला, "अप्पा, त्यात घराची काही चूक न्हाई. पोरीचंच ध्यान नव्हतं. काकांना विचारा."

आणि आमचे हे, त्या पोरीच्या देखत, तिच्यापासून चार हातांवर उभे राहून म्हणाले, "घरात काही खोट न्हाई. पोरगीच कच्ची निघाली."

पोरीचे हात थांबले. तिनं आईकडे बघितलं. आईनं मान वर केली नाही.

माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! बी.पी.ची गोळी बॅगेत राहिली आणि बी.पी. माझ्या कानात. मी हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पा, ह्यांचं ऐकू नका. मालकीण मी हाय. खोट घरातच हाय."

"आगं," हे म्हणाले.

"गप बसा तुम्ही. अप्पा, ईशान्येला संडास हाय."

ऊसवाल्यांच्या खांद्यावरचं उपरणं निसटलं. एजंटाची बडीशेप थांबली. हे ओरडले, "आगं, ते वायव्य हाय!"

"तुम्हाला काय कळतंय दिशांचं? आख्खी नोकरी टेबलाकडं बघून काढली तुम्ही." मला स्वतःला तरी कुठं माहीत होतं ईशान्य कुठं असते ते! पण आता थांबायचं नव्हतं. "अप्पा, ह्या घरात पाणी तिरकं वाहतं. खिडकीतनं वारा उलटा येतो. तो पंखा ऐकलाव का? रडतो तो. आन् बाजूच्या फ्लॅटचा कुकर हाय ना, त्याला चौथी शिट्टी होतच न्हाई, कधीच. अर्धवट राहतं सगळं."

ऊसवाले मन लावून ऐकत होते. मोठा माणूस, शेकडो टन ऊस घालणारा, पण चौथ्या शिट्टीला त्यांनी खरोखर गंभीर होऊन मान हलवली. मग त्यांना शंका आली. "पर बाई, आधीची दोन लेकरं लागली की ह्याच घरात?"

"ती घरात होतीच कुठं! पहिली दिवसभर लायब्ररीत असायची. दुसरा मित्राच्या खोलीवर. झोपायला तेवढी इथं यायची. घराचा वारा लागला न्हाई म्हणून वाचली." हे मात्र खरं होतं हो, त्यांच्या आयांनीच मला सांगितलेलं. "आन् ही पोरगी, अप्पा, गुणाची पोरगी, आईचं ऐकून ह्याच भिंतीखाली बसली. दोन वर्षं हलली न्हाई. तिथंच घात झाला. दुसरीकडं बसली असती तर आज डॉक्टर असती. घरानं खाल्लं लेकराला."

मग ऊसवाल्यांनी त्या गोंदाच्या डागांकडे बघितलं आणि दोन पावलं मागं सरकले. एजंटाला म्हणाले, "चल रं. दुसरं दाखव." जाताना त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाचलीस बाळ." जिन्यात एजंट दोन्ही मोबाईलवर एकदम बोलताना ऐकू येत होता. दिवस मावळायच्या आत आमच्या घराची बातमी सगळ्या लातूरला जाणार, हे त्या आवाजावरनंच कळत होतं.

पोरीची आई भिंतीपासून सरकत सरकत लेकीजवळ गेली. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यानं रडली. "माझंच चुकलं गं माय. मीच बसवलं तुला तिथं. उठू दिलं न्हाई. अक्का, घराचंच होतं म्हणा की! मी लेकराला दोष देऊन राहिले." आणि मग ती लेकीला म्हणाली, "काय खाल्लंस का सकाळपासनं?" पोरगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली, की मला खोक्यावर बसावं लागलं. मीही रडले. कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं.

आई खाली टेम्पोवाल्याला बघायला गेली, तेव्हा पोरगी माझ्याजवळ आली. ओढणीचं टोक पिळत हळूच म्हणाली, "काकू, घर चांगलंय हो. मलाच जमलं नाही. फिजिक्स मला कधीच जमत नव्हतं. तुमच्या घराचा भाव पाडला मी."

सतरा-अठरा वर्षांचं लेकरू. तिला वाटत होतं, तिनं माझ्या घराचा भाव पाडला!

मी तिचं नाक माझ्या पदरानं पुसलं. म्हणाले, "मला माहीत हाय, बाळ. पण घराला काहीही म्हटलं तरी घर रडत न्हाई. तू रडतीस."

टेम्पो गेला. मी बाल्कनीतून हात केला, तिनं मागं बसून केला. आत आले तर हे रिकाम्या हॉलमध्ये भिंतीला टेकून बसलेले. चष्मा हातात, पण पुसत नव्हते. ह्यांच्या आयुष्याची कमाई मी दहा मिनिटांत मातीत घातली होती, आणि ह्यांना मला शिव्या द्यायचंही सुचत नव्हतं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. माणूस वाईट नाही हो, नुसता घराच्या भावामागे लागलेला.

चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "आता कुत्रं येणार न्हाई हे घर घ्यायला. किरायानं बी न्हाई, विकत बी न्हाई."

"न्हाई येणार."

"मग आता करायचं काय ह्या घराचं?"

"राहायचं," मी म्हणाले, आणि बॅगेतलं पातळ काढून खुंटीला अडकवलं.